विश्व चालवून पाहताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत झाशी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत इतिहास, नाट्यसंगीत आणि संतवाङ्मय यांना मानाचे स्थान मिळावे हे उचितच होय. झाशीसारख्या गावी तर मराठी माणूस बोलावयास उभा राहिला की त्याला विषय शोधावा लागत नाही. किल्ल्याकडे बोट दाखविले की पुरे. असे असता कार्यकारिणीने आम्हांस विश्वरचनाशास्त्रावर, आणि तेही संगणकाच्या संदर्भात, बोलावयास सांगितले याचे काही सभासदांना आश्चर्य वाटले. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी तर स्पष्टच विचारले, "या विषयाचा आपल्या मंडळाशी संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. महोत्सवानिमित्त जमलेल्या निधीतून वरच्या मजल्यावरील खोलीचे काय करावयाचे याचा निर्णय येत्या सर्वसाधारण सभेत व्हावयाचा आहे. तेथे मुलांसाठी संगणक व दुर्बीण असलेली एक लहानशी विज्ञानशाळा असावी, अशी जी सूचना पुढे आली आहे, तिच्या बाजूने आज आम्ही बोलणार आहोत. हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

प्रथम त्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळू. महाराष्ट्रातून उत्तरेत आलेल्या कुटुंबांचा आकाशाशी संबंध आजचा नाही. गोदावरीच्या काठचे गोलग्राम हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या कमलाकरांनी १६५८ साली काशीत बसून 'सिद्धान्ततत्त्वविवेक' हा ज्योतिषग्रंथ सिद्ध केला. १८२१ साली जन्मलेले बापूदेव शास्त्री नागपूर व सिहोर येथे गणित शिकून काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले आणि त्यांनी सूर्यसिद्धान्त इंग्रजीत नेला. आणि विसाव्या शतकात त्याच काशीत, हिंदू विश्वविद्यालयात, विष्णु वासुदेव नारळीकर गणित विभागाचे प्रमुख होते. आइनस्टाइनच्या व्यापक सापेक्षतेवर त्या काळी या देशात जे थोडे लोक काम करीत होते, त्यांत त्यांची गणना होते. प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण १९४२ साली त्यांच्याकडे येऊन राहिले आणि प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राचे जे उत्तर त्यांनी शोधले, ते आज जगभर वैद्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या विष्णुपंतांचे चिरंजीव म्हणजे जयंत नारळीकर. त्यांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरचा, पण बाळपण व शिक्षण काशीचे. म्हणजे आपल्या मुलांप्रमाणेच घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'चार नगरांतले माझे विश्व' असे नाव दिले, त्या चार नगरांत पहिले वाराणसी आहे. पुढे त्याच ग्रंथास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आमच्या पिढीतील अनेकांना विश्व या शब्दाचा शास्त्रीय अर्थ त्यांच्याच मराठीतून कळला. तेव्हा मंडळाशी या विषयाचा संबंध काय, याचे निम्मे उत्तर येथेच मिळते. उरलेले निम्मे आपल्या मुलांकडे आहे; त्यांच्याकडे आपण ओघाने येऊ.

आता मूळ विषय. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला परीक्षानळी मिळते, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला कुंडी मिळते. विश्वरचनाशास्त्राच्या विद्यार्थ्याला काय मिळणार? विश्व एकच आहे, ते पुन्हा आरंभापासून चालविता येत नाही, आणि त्याच्या बाहेर उभे राहून त्याकडे पाहताही येत नाही. मग "असे असते तर काय झाले असते?" हा प्रयोगशास्त्राचा जीव असलेला प्रश्न येथे विचारावयाचा कसा? याला जे उत्तर सापडले, त्याला मराठी परिभाषेत सदृशीकरण म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ साधा आहे. निसर्गाचे जे नियम आपल्याला ठाऊक आहेत ते यंत्राला सांगावयाचे, आरंभीची स्थिती सांगावयाची, आणि मग लहान लहान पावलांनी काळ पुढे सरकवीत काय घडते ते पाहावयाचे. पाहणाऱ्याला मध्येच हात घालून एखादी राशी बदलता आली, आणि बदलाचा परिणाम तत्काळ दिसला, तर ते परस्परसंवादी सदृशीकरण झाले.

यासाठी संगणकच हवा असे मात्र नाही. स्वीडनमधील लुंड येथील एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ साली केलेला प्रयोग आम्हांस फार प्रिय आहे. दोन दीर्घिका एकमेकींच्या जवळून गेल्या तर काय होईल, हे त्यांना पाहावयाचे होते. एकेका दीर्घिकेत अब्जावधी तारे. प्रत्येकाची प्रत्येकावर ओढ. कागदावर हा हिशेब करावयास अनेक जन्म पुरले नसते. होल्मबर्ग यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, आणि दिव्याचा प्रकाशही तसाच घटतो. त्यांनी एकेका दीर्घिकेसाठी ३७, असे एकूण ७४ विजेचे दिवे टेबलावर मांडले. जेथे ओढ मोजावयाची तेथे दिव्याच्या जागी प्रकाशमापक ठेवला, चारी दिशांनी येणारा प्रकाश मोजला, त्यावरून तो दिवा किती सरकला पाहिजे ते काढले, आणि सर्व दिवे हाताने तेवढे तेवढे सरकविले. मग पुन्हा मोजणी, पुन्हा सरकविणे. हळूहळू टेबलावरील दोन्ही दीर्घिकांचे आकार विस्कटू लागले, त्यांना भरती-ओहोटीसारखे फुगवटे आले, आणि त्या एकमेकींना धरून ठेवू शकतात असे दिसून आले. ज्यांना वाटते की विज्ञानाला सदैव कोट्यवधींची यंत्रसामग्री लागते, त्यांनी हे टेबल आठवावे.

पुढे संगणक आला आणि दिव्यांची जागा आकड्यांनी घेतली. १९७० साली प्रिन्स्टनच्या जेम्स पीबल्स यांनी ३०० कणांच्या साहाय्याने एका दीर्घिकागुच्छाची घडण संगणकावर पाहिली. १९८५ साली डेव्हिस, एफस्टाथिओ, फ्रेंक आणि व्हाइट या चौघांनी ३२,७६८ कण घेतले. २००५ सालच्या 'मिलेनियम' सदृशीकरणात १० अब्जांहून अधिक कण होते, पडद्यावरील घनाची बाजू २ अब्ज प्रकाशवर्षांहून मोठी होती, आणि जर्मनीतील गार्शिंग येथील महासंगणक त्यासाठी सुमारे एक महिना राबत होता. त्यातून जे चित्र निघाले ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल: कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, तंतूंच्या गाठींवर तेजाचे पुंजके, आणि मधल्या प्रचंड पोकळ्या. त्या चित्राविषयी आम्हांस पुढे थोडे कठोर बोलावयाचे आहे.

तत्पूर्वी या इतिहासातील एक मराठी पान उलटणे आवश्यक आहे, कारण ते फारसे वाचले जात नाही. १९६१ च्या आरंभी केंब्रिजचे मार्टिन राइल यांनी रेडिओलहरींच्या उद्गमांची गणना प्रसिद्ध केली आणि असा दावा केला की दूरचे, म्हणजे प्राचीन काळचे, मंद उद्गम अपेक्षेपेक्षा अधिक आहेत. अर्थात विश्व पूर्वी वेगळे होते, आणि विश्व सर्वकाळ सारखेच दिसते असे मानणारा फ्रेड हॉइल यांचा स्थिर स्थितीचा सिद्धांत खोटा ठरला. जयंत नारळीकर तेव्हा हॉइल यांच्याकडे नुकतेच संशोधन करू लागले होते; वय अवघे बावीस. गुरुशिष्यांनी असा विचार केला की विश्व मोठ्या प्रमाणावर गुठळ्यागुठळ्यांचे असेल, म्हणजे दीर्घिकागुच्छांचेही महागुच्छ असतील, तर आपण कोणत्या ठिकाणाहून मोजतो यावर गणना अवलंबून राहील. हे कागदावर सोडविणे कठीण होते. म्हणून त्यांनी संगणकाला यदृच्छ आकड्यांच्या साहाय्याने, जणू फासे टाकून, लटकी विश्वे रचावयास लावली आणि प्रत्येक विश्वातील निरीक्षकाला कशी गणना दिसेल ते पाहिले. विश्वरचनाशास्त्रात संगणकी सदृशीकरणाचा उपयोग करणाऱ्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत याची गणना करावी लागेल.

या प्रयत्नाचे पुढे काय झाले? १९६५ साली विश्वात सर्वत्र पसरलेले सूक्ष्मतरंगांचे पार्श्वभूमी प्रारण सापडले आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांनी महास्फोटाचा पक्ष घेतला. ज्या सिद्धांताच्या बचावासाठी ती लटकी विश्वे रचली गेली, तो मागे पडला. परंतु बचावासाठी जे गृहीत धरले होते, ते महागुच्छ, ज्यांवर त्या वेळी बहुतेकांचा विश्वास नव्हता, ते पुढे खरोखर सापडले. २०१७ साली तर पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेला आणि सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे पसरलेला एक महागुच्छ शोधून काढला आणि त्याला 'सरस्वती' असे नाव दिले. आयुका ही संस्था १९८८ साली नारळीकरांनीच उभी केली. खटला हरलेल्या वकिलाचा एखादा मुद्दा पुढे कायदा व्हावा, तसे हे झाले. सदृशीकरणातून बाहेर पडणारे ज्ञान असे आडवळणाने येते, हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही. पाठ्यपुस्तकात फक्त निकाल असतो.

आता झाशीत येऊ. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत, चार रविवार, मंडळाच्या याच सभागृहात आम्ही सातवी ते बारावीच्या अकरा मुलांना घेऊन बसलो. तीन लॅपटॉप पालकांनी दिले. मंडळातीलच अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने आम्ही सांगितल्याप्रमाणे एक लहानसा कार्यक्रम लिहिला. पडद्यावर तीन सरकत्या खुंट्या. पहिली, विश्व आज किती वेगाने प्रसरण पावत आहे त्याची. दुसरी, विश्वातील द्रव्याची. तिसरी, ज्याला कृष्ण ऊर्जा म्हणतात तिची. खाली एक वक्ररेषा, काळाप्रमाणे विश्व किती मोठे झाले ते दाखविणारी, आणि कोपऱ्यात एक आकडा: विश्वाचे वय.

यामागचे गणित मुलांना सांगितले ते असे. डब्यात ज्वारी भरली आणि डब्याची प्रत्येक बाजू दुप्पट झाली, तर दाणे तेवढेच राहतात, जागा आठपट होते, म्हणून दाण्यांची दाटी आठव्या हिश्शावर येते. द्रव्याचे असे आहे. कृष्ण ऊर्जेचे विचित्र असे की डबा वाढला तरी तिची दाटी, निदान आजच्या सर्वांत सोप्या समजुतीप्रमाणे, कमी होत नाही. द्रव्य प्रसरणाला लगाम घालते, कृष्ण ऊर्जा टाच मारते. आज द्रव्य सुमारे ३० टक्के व कृष्ण ऊर्जा सुमारे ७० टक्के आहे असे धरले, तर विश्व आजच्या निम्म्या आकाराचे असताना द्रव्य आठपट, म्हणजे कृष्ण ऊर्जेच्या तिपटीहून अधिक भरते; आणि विश्व आजच्या साधारण पाऊणपट असताना दोघांची बरोबरी होते. आठवीच्या मुलांनी हे वहीवर स्वतः काढले. गुणाकार-भागाकारापलीकडे त्यात काही नाही.

मग खुंट्या मुलांच्या हाती दिल्या. प्रसरणाचा वेग मोजण्याचे एकक असे आहे की दर मेगापार्सेक अंतरास, म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षांस, सेकंदाला किती किलोमीटर. एडविन हबल यांनी १९२९ साली हा आकडा सुमारे ५०० काढला होता. एका गटाने पहिली खुंटी ५०० वर नेली. कोपऱ्यात वय आले २ अब्ज वर्षांहूनही कमी. आठवीतील एक मुलगी जरा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, पृथ्वीची उमर तर साडेचार अब्ज आहे ना? मग आई लेकीपेक्षा छोटी कशी?"

बंधुभगिनींनो, 'उमर' हा शब्द आमच्या कानाला खटकला, पण प्रश्न ऐकून तो आम्ही सोडून दिला. १९३० आणि १९४० च्या दशकांत जगातील श्रेष्ठ ज्योतिर्विदांना नेमक्या याच प्रश्नाने ग्रासले होते. १९४८ साली हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी अनादि-अनंत विश्वाची कल्पना मांडली, तिच्यामागे ही अडचणही होती. पुढे १९५२ साली वाल्टर बाडे यांनी दाखवून दिले की दीर्घिकांची अंतरे मोजताना वापरलेले ताऱ्यांचे माप चुकीचे होते. अंतरे एकदम दुप्पट झाली आणि विश्वाचे वयही वाढले. हे सारे आम्ही वर्गात फळ्यावर लिहून पूर्वी कितीदा तरी शिकविले होते. विद्यार्थी लिहून घेत. प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. खुंटी हातात असल्याने काय फरक पडतो, ते त्या दिवशी आम्हांस दिसले.

दुसऱ्या गटाने वेग आजच्याप्रमाणे ७० ठेवला, पण कृष्ण ऊर्जा शून्य करून सर्व वजन द्रव्यावर टाकले. वय आले ९.३ अब्ज वर्षे. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की आपल्या आकाशगंगेतील गोलाकार तारकागुच्छांतले काही तारे १२ अब्ज वर्षांहून अधिक वयाचे आहेत. मुलांनी द्रव्य ३० टक्क्यांवर आणले, वय ११.३ अब्ज, तरी पुरेना. मग तिसरी खुंटी ७० टक्क्यांवर नेली आणि आकडा १३.५ अब्ज झाला तेव्हा टाळ्या पडल्या. १९९८ साली दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे असे जाहीर झाले, त्याआधीची काही वर्षे ज्योतिर्विदांची हीच ओढाताण चालली होती. ती आमच्या मुलांनी अर्ध्या तासात अनुभवली.

मुलगे मात्र मुलगेच. त्यांना विश्व पाडून पाहावयाचे होते. द्रव्य तिप्पट केले, कृष्ण ऊर्जा शून्य. वय आले सुमारे ७ अब्ज, आणि पुढे रेषा आजच्या दीडपटीपर्यंत चढून वळली आणि खाली कोसळू लागली. नेमकी त्याच वेळी वीज गेली. मे महिन्यातील झाशीची दुपार. पंखे थांबले, आणि ज्या लॅपटॉपची बॅटरी केवळ नावापुरती होती त्याचा पडदा काळा झाला. "प्रलय!" असे ओरडून सातवीतील एकाने सतरंजीवर लोळण घेतली.

येथवर सर्व छान. आता त्या जाळ्याच्या चित्राविषयी. तिसऱ्या रविवारी आम्ही मुलांना मिलेनियम सदृशीकरणाचे चित्र दाखविले. बारावीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "हा फोटो कोणत्या दुर्बिणीने काढला?" आमच्या मते संपूर्ण शिबिरात विचारलेला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. ते छायाचित्र नाही. ते गणिताचे उत्तर आहे, त्याला रंग दिलेले आहेत, आणि त्यात तेजाने झळकणारे जे द्रव्य आहे ते वस्तुतः मुळीच प्रकाशत नाही. त्याला कृष्ण द्रव्य म्हणतात आणि प्रयोगशाळेत त्याचा एकही कण आजवर निर्विवादपणे हाती लागलेला नाही. ते आहे असे मानावयास सबळ कारणे आहेत: दीर्घिकांचे फिरणे, गुच्छांतील वेग, प्रकाशाचे वाकणे. पण अनुमान आणि दर्शन यांत अंतर आहे. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही वेगळी प्रमाणे मानली, ती काही उगाच नाही.

संगणकावरील चित्र जितके सुंदर, तितका हा भेद पुसला जाण्याचा धोका मोठा. जो नियम घातला तोच बाहेर येतो. आमच्या तीन खुंट्यांच्या खेळात चौथी खुंटी नव्हती. म्हणून मुलांपैकी कोणालाही चौथ्या शक्यतेची आठवण झाली नाही. नारळीकरांनी आयुष्यभर प्रचलित सिद्धांताला जे प्रश्न विचारले, १९९३ साली हॉइल व बर्बिज यांच्यासमवेत स्थिर स्थितीच्या कल्पनेची जी नवी मांडणी केली, ती बहुसंख्यांनी स्वीकारली नाही. पुरावा आज महास्फोटाच्याच बाजूने आहे, असे आमचेही मत आहे. परंतु बहुमत झाले म्हणून प्रश्न विचारणे थांबवावयाचे नाही, हा त्यांचा आग्रह शिक्षकाने उचलावा. याच आग्रहातून त्यांनी २००८ साली फलज्योतिषाची चाचणी घेतली: हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिष्यांना ओळखावयास दिल्या, २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठविली, त्यांतील ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणे उडविले असते तरी चालले असते. जी कसोटी कुंडलीला, तीच पडद्यावरील विश्वाला. त्याने भाकीत करावे आणि आकाशाने त्याची परीक्षा घ्यावी.

आणि आकाश आता झाशीतही उपलब्ध आहे, हे अनेक पालकांना ठाऊक नाही. अमेरिकेतील 'स्लोन' आकाश-सर्वेक्षणाने लक्षावधी दीर्घिकांची छायाचित्रे व वर्णपट महाजालावर सर्वांसाठी खुले ठेवले आहेत; शाळेतील मुलांनी ताम्रसृती मोजून हबलचा नियम स्वतः पडताळावा यासाठी तेथे पाठही आहेत. २००७ साली त्यांतील सुमारे ९ लाख दीर्घिकांचे आकार ओळखण्याचे काम 'गॅलेक्सी झू' या उपक्रमाने सर्वसामान्य लोकांवर सोपविले. त्याच वर्षी हॉलंडमधील हॅनी व्हान आर्केल या शाळाशिक्षिकेला एका दीर्घिकेजवळ एक विलक्षण तेजोमेघ दिसला, जो आज तिच्याच नावाने ओळखला जातो. पुण्याच्या शास्त्रज्ञांना सरस्वती महागुच्छ सापडला तोही याच खुल्या सर्वेक्षणातून. सांगावयाचे ते हे की, ज्या सामग्रीतून तो सापडला ती सामग्री सीपरी बाजारात बसलेल्या मुलालाही, साध्या जोडणीवर, उघडून पाहता येते.

आता सूचनेवर घेतलेल्या आक्षेपांविषयी थोडक्यात. खर्च मोठा नाही: दोन साधे संगणक, एक लहान दुर्बीण, विजेसाठी इन्व्हर्टर. पुण्यात आयुकाच्या आवारात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञानशोधिका उभी राहिली, ती पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून. सप्तर्षींपैकी एकाचे नाव आणि पु. लं. चे नाव यांचा मेळ साधून त्या वास्तूला 'पुलस्त्य' म्हणतात. विनोदी लेखकाच्या पैशातून विज्ञानाचे अंगण होते, मग नाट्यप्रयोगांवर वाढलेल्या मंडळाला त्यात परके वाटण्याचे कारण नाही. परीक्षेच्या अभ्यासाचे नुकसान होईल असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू की रविवारचे दोन तास मुले आज कशात घालवितात.

तिसरा आक्षेप भाषेचा आहे आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. हे सारे इंग्रजीत आहे, मग मराठी मंडळाने ते का करावे? सर्वच इंग्रजीत आहे असे नाही. कार्ल वीमन या शास्त्रज्ञाने नोबेल पारितोषिकानंतर २००२ साली कोलोराडो विद्यापीठात 'फेट' नावाचा उपक्रम सुरू केला; त्यातील विनामूल्य सदृशीकरणांपैकी काही मराठीतही मिळतात, ग्रहांच्या कक्षा फिरवून पाहता येतात. पण खरे उत्तर वेगळे आहे. आमच्या मुलांची मराठी आज कशासाठी उरली आहे? आजीशी बोलण्यासाठी, आरतीसाठी आणि गणेशोत्सवातील नाटुकल्यासाठी. जी भाषा केवळ सणासुदीला पेटीतून काढावयाची, तिला कसर लागते. शिबिरात मुले वाद घालीत होती, आणि वाद मराठीत चालला होता, कारण आम्हांला त्यांचा मुद्दा पटवून द्यावयाचा तर मराठीतच पटवावा लागत होता. गुरुत्वाकर्षणाला त्यांनी 'ओढ' केले, प्रसरणाला 'फुगवण', ताम्रसृती हा शब्द त्यांना आवडला म्हणून तसाच ठेवला. विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास' मध्ये झाशीच्या ग्रंथालयाची १८५८ साली कशी राखरांगोळी झाली ते लिहून ठेवले आहे. ते पुस्तकालय आपण परत आणू शकत नाही. वरच्या खोलीत कपाटबंद असलेल्या आपल्या मराठी ग्रंथांना मात्र वाचक हवे असतील, तर त्या खोलीत मुलांनी येण्याचे काही कारण असले पाहिजे. आणि नारळीकरांची पुस्तके त्याच कपाटात आहेत, हे मुलांना शिबिरातच प्रथम कळले.

शेवटच्या रविवारचा एक वाद अद्याप मिटलेला नाही. विश्वाचा आजचा वेग किती? प्राचीन पार्श्वभूमी प्रारणावरून काढला तर तो सुमारे ६७ येतो, जवळच्या तारे व अतिनवताऱ्यांवरून मोजला तर सुमारे ७३. दोन्ही मोजण्या काळजीपूर्वक केलेल्या, आणि तरी जुळत नाहीत. शिवाय २०२४ व २०२५ साली 'डेसी' या सर्वेक्षणाने अशी शंका उपस्थित केली आहे की कृष्ण ऊर्जा कदाचित स्थिर नसावी, काळाप्रमाणे बदलत असावी. तसे असेल तर आमच्या कार्यक्रमाला चौथी खुंटी बसवावी लागेल, आणि ती बसविण्याचे काम तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी करीत आहे. मुलांचे मात्र तोवर दोन तट पडले. दोन्ही तटांनी आपापला आकडा आणि त्यावरून आलेले विश्वाचे वय वरच्या खोलीतील फळ्यावर लिहून ठेवले. दोहोंत सुमारे १ अब्ज वर्षांचा फरक आहे. दुसऱ्या दिवशी झाडलोट करणाऱ्या मावशींनी फळा पुसू का म्हणून विचारले, तेव्हा आम्ही त्यांना राहू द्या म्हणून सांगितले. तो अजून तसाच आहे. सभा संपल्यावर ज्यांना जिना चढणे शक्य आहे त्यांनी वर येऊन अवश्य पाहावा.